एलसीडी आणि ओलेड दोन्ही एकाच मीटरने कॅलिब्रेट केले, आकडे जुळतात पण पांढरा जुळत नाही, का?

फ्रेमवार_फ्रेम:

नमस्कार मंडळी. टेबलावर दोन मॉनिटर आहेत, एक वाइड गॅमट (जास्त रंग दाखवू शकणारा) आयपीएस एलसीडी आणि दुसरा नवीन घेतलेला ओलेड. काम व्हिडिओ एडिटिंगचं, थोडंफार कलर पण करतो. दोन्ही एकाच कलरीमीटरने (स्क्रीनचा रंग मोजणारं यंत्र), डिस्प्लेकॅल या सॉफ्टवेअरमधून, डी६५ (व्हिडिओचा प्रमाण पांढरा), गॅमा २.२, १२० निट्स तेजावर कॅलिब्रेट केले. रिपोर्ट दोन्हीकडे मस्त, सरासरी डेल्टा ई (रंगातली चूक) १ च्या खाली, पांढऱ्याचे एक्स वाय (रंगाची छटा सांगणारे दोन आकडे) दोन्हीकडे ०.३१३ / ०.३२९ च्या आसपास. म्हणजे कागदावर जुळे भाऊ. पण रिकामं पांढरं पान दोन्हीकडे उघडलं की ओलेड सरळसरळ पिवळट हिरवट दिसतो आणि त्याच्या शेजारी एलसीडी गुलाबी वाटतो. चेहऱ्याचे शॉट एका स्क्रीनवरून दुसऱ्यावर ओढून नेले की माणूस आजारी पडल्यासारखा दिसतो राव. मीटर बिघडलाय म्हणावं तर दोन्हीकडे तोच मीटर वापरलाय. मग विश्वास कोणावर ठेवायचा, मीटरवर की डोळ्यावर? आणि हे जुळवता येतं का मुळात?

ग्रे_स्केल_ग्रस्त:

आधी बेसिक गोष्टी सांग, नाहीतर सगळे अंदाजच मारत बसतील. ओलेड कुठला, डब्ल्यूओलेड की क्यूडी-ओलेड? आणि डिस्प्लेकॅलमध्ये करेक्शन काय निवडलं होतंस? दोन्हीकडे "ऑटो" ठेवून किंवा दोन्हीकडे एकच करेक्शन लावून मोजलं असशील तर ते आकडे जुळण्याला काही अर्थ नाही.

कारण कलरीमीटरच्या आत काचेचे रंगीत फिल्टर असतात आणि ते फिल्टर स्टँडर्ड ऑब्झर्व्हरच्या, म्हणजे प्रमाण धरलेल्या सरासरी डोळ्याच्या, वक्रांशी तंतोतंत जुळत नाहीत, जवळपास जातात फक्त. प्रकाशाचा स्पेक्ट्रम बदलला की ती चूक पण बदलते. म्हणून प्रत्येक प्रकारच्या पॅनलसाठी वेगळं करेक्शन लागतं. आजकालच्या बऱ्याच वाइड गॅमट एलसीडीत लाल रंगासाठी पीएफएस फॉस्फर असतो, काही लोक त्याला केएसएफ म्हणतात, त्याचा स्पेक्ट्रम ६३० नॅनोमीटरच्या आसपास सुयांसारखा टोकदार असतो. त्याला साध्या व्हाइट एलईडीचं करेक्शन लावलंस तर पांढरा हमखास सरकतो.

हे पण बघून घे: एलसीडीचं लोकल डिमिंग आणि डायनॅमिक काँट्रास्ट बंद, ओलेडचा व्हीआरआर (बदलता रिफ्रेश रेट) बंद, ओलेडवर ब्राइटनेस एकसारखा ठेवायची जी काही सेटिंग असेल ती चालू, नाइट लाइटसारखं काही मागे चालू नाही ना, आणि दोन्ही अर्धा तास तरी तापलेले. १२० निट्सला बहुतेक ओलेड मॉनिटरचा एबीएल (स्क्रीन फार उजळली की तेज आपोआप उतरवणारी सोय) मध्ये येत नाही, त्यामुळे ती शंका थोडी कमी. पण बराच वेळ एकच स्थिर पॅच दाखवला तर काही ओलेड हळूच मंद होतात, ते मोजमापात घुसतं.

फ्रेमवार_फ्रेम:

ओलेड डब्ल्यूओलेड आहे, व्हाइट सबपिक्सेलवाला. एलसीडीचा बॅकलाइट पीएफएस आहे असं एका रिव्ह्यूमध्ये स्पेक्ट्रमचा ग्राफ होता त्यावरून कळलं, आणि त्याला पीएफएसचंच करेक्शन लावलेलं. ओलेडला यादीत डब्ल्यूओलेडचं जे होतं ते. तुम्ही सांगितलेलं सगळं बंद करून, तापवून, परत मोजलं. आकडे थोडे इकडे तिकडे झाले पण मूळ प्रॉब्लेम जिथल्या तिथे, ओलेड हिरवटच. एका ओळखीच्याकडून स्पेक्ट्रोफोटोमीटर (पूर्ण स्पेक्ट्रम मोजणारं यंत्र) आणून त्याने पण मोजलं, तो पण म्हणतो दोन्ही डी६५. आता तर अजूनच डोकं फिरलं.

स्पेक्ट्रम_बघ्या:

स्पेक्ट्रोने पण तेच सांगितलं म्हणजे चांगलंच झालं. मीटर खोटं बोलत नाहीये आणि तुझा डोळा पण खोटं बोलत नाहीये, दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत. थोडं लांब लिहितो, चहा घेऊन बस.

कान दोन सूर एकत्र वाजले तरी दोन वेगळे ओळखू शकतो, डोळ्याला ते जमत नाही. डोळ्यात तीन प्रकारचे कोन (रंग ओळखणाऱ्या शंकूच्या आकाराच्या पेशी) असतात, समोर कितीही गुंतागुंतीचा स्पेक्ट्रम येऊ दे, मेंदूकडे शेवटी तीनच सिग्नल जातात. म्हणून दोन पूर्ण वेगळे स्पेक्ट्रम एकाच रंगाचे दिसू शकतात, याला मेटामेरिझम म्हणतात आणि यावरच सगळे डिस्प्ले चालतात, नाहीतर तीन रंगांत जग दाखवताच आलं नसतं. पण कुठले दोन स्पेक्ट्रम "सारखे" हे ठरवायला कोणाचा तरी डोळा प्रमाण धरावा लागतो. मीटर जो डोळा धरतो तो १९३१ सालचा सीआयई स्टँडर्ड ऑब्झर्व्हर. राइट आणि गिल्ड या दोघांनी १९२० च्या दशकात केलेल्या प्रयोगांमधून तो आला, दोघांचे मिळून १७ लोक, आणि बघायचं क्षेत्र फक्त २ अंशांचं, म्हणजे हात लांब केल्यावर अंगठ्याचं नख जेवढं दिसतं साधारण तेवढं. तुझं एक्स ०.३१२७ वाय ०.३२९० म्हणजे "त्या सरासरी डोळ्याला हा पांढरा डी६५ सारखा दिसला असता", एवढंच.

आणि त्या डोळ्यात एक गोची आहे. १९२४ मध्ये ठरलेला ब्राइटनेसचा जो वक्र त्यात वापरला तो निळ्या टोकाला, साधारण ४६० नॅनोमीटरच्या खाली, खऱ्या डोळ्यापेक्षा कमी संवेदनशील आहे. जड नावाच्या संशोधकाने १९५१ मध्ये ते दुरुस्त केलं, वोस नावाच्या दुसऱ्याने १९७८ मध्ये अजून नीट केलं, पण तोवर सगळं जग १९३१ वर बांधलं गेलं होतं. जुन्या सीआरटीच्या (पिक्चर ट्यूबच्या) काळात हे कोणाला फारसं टोचलं नाही कारण सगळ्यांचे फॉस्फर जवळपास सारखे, चूक असली तरी सगळीकडे सारखीच. आता एका बाजूला निळ्या एलईडीवर चालणारा एलसीडी आणि दुसऱ्या बाजूला वेगळ्याच निळ्याचा ओलेड. ज्याच्या निळ्यात लहान तरंगलांबीचा भाग जास्त त्याचा निळा मीटरला वाटतो त्यापेक्षा डोळ्याला जास्त जाणवतो. मग तो पांढरा गुलाबी-निळसर दिसतो आणि दुसरा त्याच्यापुढे पिवळा-हिरवा. तुझी केस अगदी हीच.

हे काय फक्त तुझ्याच टेबलावर घडत नाहीये. सोनीने स्वतःचे ओलेड रेफरन्स मॉनिटर स्टुडिओंमध्ये सीआरटीच्या शेजारी ठेवले तेव्हा हाच प्रश्न आला आणि त्यांनी जडच्या दुरुस्त वक्रांवरून ऑफसेट दिला, एक्समध्ये उणे ०.००६ आणि वायमध्ये उणे ०.०११, म्हणजे ०.३१२७ / ०.३२९० च्या जागी ०.३०६७ / ०.३१८०. हे आकडे बघून लगेच कॉपी मारू नकोस. ते त्यांच्या आरजीबी ओलेड पॅनलसाठी होते, तुझ्या डब्ल्यूओलेडचा स्पेक्ट्रम वेगळा. सुरुवात कुठल्या दिशेने करायची ते मात्र कळतं: हिरवा कमी, निळा थोडा जास्त.

मी करतो ते असं. आधी एक मॉनिटर रेफरन्स ठरव. तुझ्या केसमध्ये एलसीडी धर, त्याला हात लावू नकोस. मग दोन्हीचं तेज मीटरने सारखं कर, कारण तेजात फरक असला की डोळा रंगाबद्दल पण वेड्यासारखं काहीही सांगतो. दोन्हीवर सारख्याच आकाराचा पांढरा पॅच, बाकी स्क्रीन काळी, खोलीत मंद आणि न्यूट्रल उजेड, दोन्ही मॉनिटर तोंडाकडे वळवलेले कारण आयपीएस काय किंवा डब्ल्यूओलेड काय, तिरकं बघितलं की दोघांचाही रंग बदलतो. आता ओलेडच्या मेनूतून आरजीबी गेन हलव, हिरवा आधी. एकटक बघत राहायचं नाही, नजर इकडून तिकडे दोन-तीन सेकंद, मग उठून जायचं, परत येऊन पहिल्या नजरेत काय वाटतं ते धरायचं. डोळा फार पटकन सवय करून घेतो, दहा मिनिटं टक लावून बसलास तर काहीही जुळलेलं वाटेल. मेनूच्या पायऱ्या फार मोठ्या असतील तर डिस्प्लेकॅलमध्ये व्हिज्युअल व्हाइटपॉइंट एडिटर आहे, त्याने बारीक हलवता येतं.

जुळलं की मग मीटर लाव आणि ओलेडचा तो पांढरा मोज. जे एक्स वाय येतील तेच ओलेडचं टार्गेट. डिस्प्लेकॅलमध्ये व्हाइटपॉइंट "क्रोमॅटिसिटी कोऑर्डिनेट्स"वर टाकून ते आकडे भर आणि पूर्ण कॅलिब्रेशन चालव. डोळ्याचं काम फक्त पांढऱ्यापुरतं, बाकी ग्रे स्केल, गॅमा, गॅमट सगळं मीटरकडेच. डोळ्याने गॅमा जुळवायला गेलास तर आयुष्य जाईल.

एक सापळा आहे तेवढा बघ. थ्रीडी लट (एलयूटी, रंग बदलून देणारा तक्ता) बनवताना रेंडरिंग इंटेंट (रंग कसे बसवायचे तो पर्याय) साधा अॅब्सोल्यूट निवडलास तर ती लट तुझा जुळवलेला पांढरा उचलून परत मीटरवाल्या डी६५ वर नेऊन ठेवेल आणि तू म्हणशील काहीच बदललं नाही. रिलेटिव्ह घे.

नियम_७०९:

थोडं स्पष्ट बोलतो, राग नको. हे डोळ्याने जुळवायचं प्रकरण मला पटत नाही. स्टँडर्ड का असतं? सगळ्यांनी एकच आकडा धरावा म्हणून. बीटी.७०९ या एचडी व्हिडिओच्या स्टँडर्डमध्ये पांढरा डी६५ म्हणजे ०.३१२७ / ०.३२९०, विषय संपला. प्रत्येकाने आपापल्या डोळ्याला बरं वाटेल तसं सरकवलं तर फाइल दुसऱ्या स्टुडिओत गेल्यावर काय? तिथल्या कलरिस्टचा ओलेड १९३१ वर असेल तर तुझं सगळं ग्रेड त्याला वेगळं दिसणार. त्यापेक्षा एकच मॉनिटर ग्रेडिंगचा धर, दुसऱ्यावर टाइमलाइन आणि बिन (क्लिपांचे फोल्डर) टाक, बघूच नको तिकडे.

स्पेक्ट्रम_बघ्या:

@नियम_७०९ शेवटचा सल्ला मला शंभर टक्के मान्य, एकट्याने काम करणाऱ्याने खरं तर तेच करावं. पण बाकीचं तेवढं सरळ नाहीये दादा. फाइलमध्ये एक्स वाय नसतात, फाइलमध्ये कोड व्हॅल्यू (प्रत्येक पिक्सेलचे लाल-हिरवा-निळ्याचे आकडे) असतात. तुझा ओलेड १९३१ वर लावून तू ग्रेड करतोस आणि तो हिरवट दिसतो म्हणून स्किनमध्ये नकळत मजेंटा ढकलतोस, तर तो मजेंटा फाइलमध्ये कायमचा गेला. एलसीडीवर बघणाऱ्या प्रत्येकाला तो दिसणार. एकच मॉनिटर असेल तर डोळा सवय करून घेतो आणि हे होत नाही, पण दोन शेजारी असले की होतं, आणि प्रश्न दोन शेजारी असल्याचाच आहे. स्टँडर्ड म्हणजे आकडा की आकड्यामागचा दिसणारा रंग हा वाद आहे, तो आपण इथे मिटवू शकत नाही. त्याने रेफरन्स म्हणून एलसीडी १९३१ च्या डी६५ वरच ठेवलाय, म्हणजे तुझं स्टँडर्ड कुठे मोडलं?

नियम_७०९:

ठीक, रेफरन्स जर आकड्यावर असेल आणि सरकवलेला दुसरा असेल तर माझी तक्रार नाही. फक्त क्लायंटला कॅलिब्रेशन रिपोर्ट द्यायची वेळ आली तर त्यात ओलेडचं टार्गेट बदललेलं आहे हे लिही, नाहीतर पांढऱ्याचा डेल्टा ई बघून समोरचा फोन करणार.

पोर्ट्रेट_ताई:

मी फोटोवाली, पण हेच भोगलंय म्हणून लिहितेय. @फ्रेमवार_फ्रेम तू डोळ्याने जुळवशील ते तुझ्या डोळ्याला जुळेल हे लक्षात ठेव. आमच्याकडे आम्ही दोघं रिटच करतो, मी जुळवलेला पांढरा मला एकदम बरोबर आणि माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या असलेल्या सहकाऱ्याला तोच किंचित गुलाबी. कोणीच चुकत नाहीये. वय वाढलं की डोळ्याचं भिंग पिवळसर होत जातं, निळा कमी पोचतो, त्यात प्रत्येकाच्या कोनमध्ये पण थोडा फरक असतो. आणि डिस्प्लेचे प्रायमरी (मूळ लाल, हिरवा, निळा) जितके अरुंद आणि टोकदार तितका माणसामाणसातला फरक जास्त उघडा पडतो. म्हणजे गॅमट मोठा हवा म्हणून आपण पैसे मोजतो आणि सोबत भांडण फुकट मिळतं 😀

डिस्प्लेकॅलमध्ये ऑब्झर्व्हर पण बदलता येतो, १९३१ सोडून जड-वोस १९७८, सीआयई २०१२ चे २ अंश आणि १० अंश वगैरे. स्पेक्ट्रोने मोजत असशील किंवा कलरीमीटरला सीसीएसएस प्रकारचं (पॅनलच्या स्पेक्ट्रमवर आधारलेलं) करेक्शन असेल तरच चालतं, मॅट्रिक्सवाल्या करेक्शनला नाही. दोन्ही मॉनिटर २०१२ वर मोजून बघ, फरक बराच कमी होतो. पूर्ण जाईलच असं नाही. मी तरी तिथून सुरुवात करून शेवटचं डोळ्याने करते, नुसत्या डोळ्याने शून्यापासून जुळवणं फार दमवणारं काम आहे. फक्त दोन्ही मॉनिटर एकाच ऑब्झर्व्हरवर मोजायचे, एक इकडे एक तिकडे केलंस तर आकड्यांची तुलनाच करता येणार नाही.

आणि पांढरा जुळला म्हणजे सगळं जुळलं असं नाही हं. गडद लाल, जर्द निळा असे भडक रंग थोडे वेगळे दिसतच राहतात. स्किन टोन न्यूट्रलच्या जवळ असतात त्यामुळे ते पांढऱ्यासोबत बऱ्यापैकी येतात, कामापुरतं तेवढं पुरतं.

फ्रेमवार_फ्रेम:

ताई आणि स्पेक्ट्रम दादा, दोघांचं एकत्र करून बघितलं. आधी दोन्ही २०१२ च्या २ अंशांवर मोजले तेव्हाच अर्ध्याहून जास्त फरक गेला, मग हिरवा अजून जरा उतरवला. नंतर ओलेडचा पांढरा १९३१ मध्ये मोजून बघितला तर ०.३०९ / ०.३२१ च्या आसपास आला, म्हणजे सोनीच्या दिशेनेच पण तेवढा लांब नाही. चेहरे आता दोन्हीकडे सारखे दिसतात, शॉट ओढून नेताना खटकत नाही. थ्रीडी लटचा सापळा आधी वाचला होता म्हणून वाचलो.

आता एकच राहिलंय. रात्रीचे सीन. व्हिडिओसाठी दोन्हीकडे १०० निट्स आणि बीटी.१८८६ (व्हिडिओचा प्रमाण गॅमा वक्र) लावलंय, तरी ओलेडवर सावल्या फार खोल जातात, कोटाच्या घड्या दिसतच नाहीत, आणि एलसीडीवर त्याच घड्या आरामात दिसतात. हा पण ऑब्झर्व्हरचाच खेळ का?

ग्रे_स्केल_ग्रस्त:

नाही, इथे ऑब्झर्व्हर बिचारा निर्दोष आहे. बीटी.१८८६ काळ्याची पातळी बघून आपला वक्र बदलतो. तुझा आयपीएस समज १०००:१ काँट्रास्टचा, १०० निट्सला त्याचा काळा ०.१ निट. फॉर्म्युला तो धरून सावल्या उचलतो, नाहीतर त्या काळ्यातच बुडाल्या असत्या. ओलेडचा काळा शून्य, तिथे उचलायला काहीच नाही म्हणून शुद्ध २.४ पॉवर उरते. म्हणजे नाव एक, वक्र दोन, आणि दोन्ही "बरोबर".

जुळवायचंच असेल तर दोन्हीवर बीटी.१८८६ ठेवायचा हट्ट सोड आणि ओलेडला २.२ पॉवर लावून बघ, किंवा डिस्प्लेकॅलमध्ये ओलेडसाठी ब्लॅक आउटपुट ऑफसेट आणि गॅमा हाताने बदलून एलसीडीच्या वक्राजवळ आण. अगदी तळाचा काळा मात्र कधीच जुळणार नाही, एलसीडी ०.१ च्या खाली जाऊच शकत नाही. मी तरी ओलेडला एलसीडीइतका धुरकट करायला जाणार नाही. उलट रात्रीचे सीन ओलेडवर ठरव आणि घड्या एलसीडीवर किती उघड्या पडतात, नॉइज दिसतो का, ते तपासायला एलसीडी वापर. बघणाऱ्यांकडे दोन्ही प्रकारचे स्क्रीन असतात.

खोलीचा उजेड पण बघ. पूर्ण अंधारात आयपीएसचा कोपऱ्यातला ग्लो सावल्यांवर चढतो आणि घड्या अजूनच दिसल्यासारख्या वाटतात. मॉनिटरच्या मागे भिंतीवर मंद डी६५ चा बायस लाइट (स्क्रीनमागचा दिवा) लावलास तर दोघांमधला फरक कमी खुपतो.

स्पेक्ट्रम_बघ्या:

+१. अजून एक, काळ्याजवळचं ओलेडचं मोजमाप नीट व्हावं असं वाटत असेल तर स्पेक्ट्रोने नको करूस, इतक्या कमी उजेडात त्याच्या वाचनात नॉइजच जास्त असतो. स्पेक्ट्रो वापरायचा तो उजळ पॅचवर, कलरीमीटरसाठी त्या पॅनलचं करेक्शन बनवायला, आणि ओळखीच्याचा परत द्यायच्या आधी एवढं करूनच घे. खाली अंधारात मग कलरीमीटर.

पोर्ट्रेट_ताई:

आणि ते करेक्शन, नवीन व्हाइटपॉइंटचे आकडे, ऑब्झर्व्हर कुठला होता, हे सगळं प्रोफाइलच्या नावातच लिहून ठेव. ओलेडचे सबपिक्सेल वापरानुसार सरकत जातात, काही महिन्यांनी परत मोजायला बसशील तेव्हा डोळ्याने परत जुळवायची गरज बहुतेक पडणार नाही, तेच आकडे टार्गेट म्हणून टाकायचे. एलसीडी बदललास तर मात्र सगळं पहिल्यापासून.

फ्रेमवार_फ्रेम:

ओलेडला २.२ लावलं, घड्या दिसायला लागल्या. बायस लाइट मागवतोय. स्पेक्ट्रो उद्या परत द्यायचाय, आज रात्री करेक्शन बनवून ठेवतो.